अळणी फेब्रुवारी

फेब्रुवारी लागला की आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर अमोनियाचा वास सुटतो, आणि बारावीची प्रॅक्टिकल संपेपर्यंत तो काही हटत नाही. जिन्यातच नाक चुरचुरायला लागतं. इंग्रजीचे सर रुमाल लावून घाईघाईने पुढे जातात. मी त्यांना म्हणते, सवय होईल हो. मला स्वतःला कुठे झालीय म्हणा. पनवेलच्या उन्हाला अजून धार आलेली नसते, कॉलेजमागच्या आंब्याला मोहोर असतो, पोरींच्या वेण्यांना तेलाचा वास असतो, आणि या सगळ्यावर मात करून तो अमोनिया माझ्या साडीत, केसांत, डब्यातल्या पोळीत जाऊन बसतो. बाकी शिक्षकांना हे दिवस धावपळीचे वाटतात. मला ते नकोसे वाटतात. महिना कॅलेंडरमधून फाडून टाकता आला असता तर मी केव्हाच फाडला असता.

काम तसं साधं आहे. प्रत्येक मुलाला कागदाच्या पुडीत चिमूटभर क्षार द्यायचा आणि त्याने चाचण्या करून तो कोणता ते ओळखायचा. क्षार म्हणजे दोन भागांची जोडी. एक धन, एक ऋण, दोन्ही वेगवेगळे शोधायचे. बहुतेक पुड्या पांढऱ्या. शेजारी शेजारी ठेवल्या तर आईलाही स्वतःची पोरं ओळखू येऊ नयेत इतक्या सारख्या. मुलं मग पुडी उजेडात धरतात, बोटांत चोळतात, एकमेकांकडे बघतात आणि मला येऊन सांगतात, "मॅडम, मीठच दिसतंय." माझं डोकं फिरतं. दिसण्यावर काय जातोस रे, बघून कळलं असतं तर ही बर्नर, परीक्षानळ्या आणि तारांची उठाठेव मी हौस म्हणून मांडलीय का, असं त्याला भरपूर सुनावते. बिचारा मान खाली घालून परत जातो. मागून कुणीतरी हसतं. मी खिडकीशी जाऊन उभी राहते आणि उगाचच बाहेर बघते.

बाहेर बघण्यासारखं आता काही उरलेलं नाही. मी बारावीला होते तेव्हा याच बाजूने खाडीकडचं मोकळं रान दिसायचं. आता इमारतींच्या पाठी दिसतात, त्यांच्यावर एसीची खोकी आणि वाळत घातलेले टॉवेल.

माझे बाबा मिठागरातले. आमच्या गावात निम्मी घरं मिठागरावरच जगायची. भरतीचं पाणी बांधाआड घ्यायचं, कप्प्याकप्प्यांतून पुढे सरकवायचं, उन्हाने ते आटवायचं आणि तळाशी मीठ धरलं की लांब दांड्याच्या फळीने ओढून ढीग लावायचा. बाबांच्या पायांना कायमच्या भेगा होत्या. त्यांत मीठ जायचं आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मग नवीन शहरासाठी जमिनी गेल्या, मिठागरं भरावाखाली गेली. लोकांनी इमारती बांधल्या, गाळे काढले, गाड्या घेतल्या. बाबा ओट्यावर बसले. कामाचं शरीर बसलं की बिघडतं, असं आई म्हणायची. डॉक्टर म्हणाले ते निराळं होतं. ब्लडप्रेशर कधीचं चढलेलं होतं, कुणी मोजलंच नव्हतं, आणि तेवढ्या काळात दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

मी अकरावी संपवून बारावीत गेले तेव्हा बाबांचं डायलिसिस सुरू झालं. मंगळवार आणि शुक्रवार, पनवेलच्या एका दवाखान्यात. मशीनचा आवाज, फिनेलचा वास, आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर आवाज बंद केलेली क्रिकेटची मॅच. तिथली सिस्टर चांगली होती, पण बोलायला कडक. नारळपाणी नाही, केळं नाही, टोमॅटो नाही, बटाटा द्यायचाच तर उकडून पाणी फेकून, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि ते रक्तात साठलं की हृदय बंद पडतं. हे ती प्रत्येक घरच्या माणसाला सांगायची, मलाही सांगायची, आणि मला ते पाठ झालं होतं. पाणी मोजून. आणि मीठ बंद.

मीठ बंद. मिठागरातल्या माणसाला. आमच्या स्वयंपाकघरात तेव्हाही आमच्याच कप्प्यांतल्या शेवटच्या खड्या मिठाची गोण भिंतीला टेकून उभी होती. दुकानातलं मीठ आमच्या घराने कधी विकत घेतलं नव्हतं. विकत मीठ आणणं म्हणजे कोळ्याने बाजारातून मासे आणण्यासारखं, लोक हसले असते. आई बाबांचा भात, आमटी, भाजी सगळं वेगळ्या भांड्यात अळणी शिजवायची. बाबा पहिला घास घेत आणि तो तोंडात तसाच धरून बसत. मग गिळत. मग ताट सरकवत. "मातीला तरी चव असते," एवढंच म्हणाले होते एकदा. त्यांची मनगटं माझ्यापेक्षा बारीक झाली.

याच दिवसांत मी कॉलेजात क्षार ओळखायला शिकत होते. माझी जोडीदार तबस्सुम, पनवेलच्या मोहल्ल्यातली, वडील कुवेतला. ती निकाल आधी ठरवायची आणि चाचण्या मागाहून जुळवायची. "अगं, अल्ला का नाम ले और बेरियम लिख दे," असं म्हणून मोकळी. माझं तसं नव्हतं. मला त्या क्रमाचा खरंच आधार वाटायचा. हे टाका, नळीत गाळासारखा साका आला तर या वाटेने, नाही आला तर त्या वाटेने. घरी कशालाच वाट नव्हती. इथे निदान प्रत्येक पुडीला एक नाव होतं आणि नीट केलं तर ते सापडायचं.

संक्रांतीला सुमनआत्या आली. ही बाबांची धाकटी बहीण, सुकापूरला दिलेली. तिच्या घरी टाइल्स, गॅलरी, कुंड्यांत गुलाब. यजमानांना ब्लडप्रेशर, म्हणून त्यांच्या डॉक्टरने त्यांना एक खास मीठ सांगितलेलं. ब्लडप्रेशरवाल्यांसाठी कमी खारं, मेडिकलमध्ये मिळणारं. आत्याने त्याचा डबा फोडून ते चिनी मातीच्या बरणीत भरलं होतं, बरणीला वरून फडकं बांधलं होतं, आणि तिळगुळाच्या डब्याआधी ती बरणी तिने पिशवीतून काढली. मीठ हातात देत नाहीत, म्हणून तिने ती बाबांच्या समोर जमिनीवर ठेवली. म्हणाली, दादा, हे डॉक्टरी हाय, ह्यानं काय होत नाय, आमचे हे रोज खातात.

त्या दिवशी बाबांनी आमटी-भात खाल्ला. परत भात मागितला. आई पदराने डोळे पुसत वाढत होती आणि आत्या समोर बसून, आता बघ, आता बघ, असं दहा वेळा म्हणाली. जाताना तिने मीठमोहऱ्यांनी बाबांची दृष्टसुद्धा काढली. आमच्या घरात किती महिन्यांनी कुणीतरी हसत होतं. मीही हसले.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या घरात झाली असती असं मला वाटत नाही. आमच्या लेखी मीठ म्हणजे उन्हात धरलेलं, ओढून ढीग लावलेलं, गोणीत भरलेलं. जे डब्यातून येतं, मेडिकलमध्ये मिळतं आणि मैद्यासारखं मऊ असतं, ते मीठ नव्हेच, ते औषध. म्हणून पुढच्या शुक्रवारी सिस्टरने विचारलं, मीठ बंद आहे ना, तेव्हा आई शपथ घेतल्यासारखी म्हणाली, बंद हाय. खोटं बोलली नाही ती. तिला खोटं बोलता यायचंच नाही.

मग रिपोर्ट बिघडायला लागले. पोटॅशियम वाढलं होतं. बाबांचे पाय जड व्हायचे, उठताना भिंत धरावी लागायची. डॉक्टरांनी विचारलं, केळी? नाही. शहाळं? नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी बाबांना सरळ विचारलं की चोरून काय खाता. बाबांना हे फार लागलं. घरी आल्यावर रिक्षातून उतरताना मला म्हणाले, "आमी कुणाचं चोरून खाल्लं नाय कधी."

जेवण मात्र होत होतं. आई म्हणायची, जेवतायत ना, मग होतील रिपोर्ट बरे.

आता मूळ गोष्ट. प्रॅक्टिकल जवळ आली होती. आमचे रसायनशास्त्राचे सर उंच, थकलेले, शर्टाच्या खिशापाशी ॲसिडने पडलेली भोकं. त्यांना परीक्षेपुरतं शिकवायचा कंटाळा होता. ते म्हणाले, परीक्षेत नसलेली एक गंमत दाखवतो, उद्या कुणीतरी घरून खायचं मीठ आणा. मिठाचं नाव निघालं की सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा. मी दोन पुड्या नेल्या. एका पुडीत आमचं खडं मीठ, कुटून. दुसरीत आत्याच्या बरणीतलं, कारण ते पांढरंशुभ्र होतं आणि मला वाटलं, आपल्या मिठापुढे हे किती फिकं ते सरांना दाखवावं.

सरांनी दोन्ही पाण्यात विरघळवली. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. दोन्हींत दह्यासारखा पांढरा साका. अमोनिया घातला, दोन्हींत विरघळला. म्हणजे दोन्ही क्लोराइड. मग तार ॲसिडमध्ये बुडवून, मिठाला लावून ज्योतीत धरली. पहिलं पिवळं जळलं, दुसरंही पिवळं जळलं. तबस्सुम मागून पुटपुटली, जुळे हैं, सर. सर हसले. म्हणाले, सोडियम भांडखोर आहे, ते घरात असलं की दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू येत नाही. आणि त्यांनी कपाटातून गडद निळ्या काचेचा चौकोनी तुकडा काढला. ही काच पिवळा उजेड अडवते. तिच्यातून बघा.

आम्ही रांगेने बघितलं. आमच्या खड्या मिठाची ज्योत काचेतून जवळजवळ दिसेनाशी झाली. दुसऱ्या पुडीची ज्योत जांभळी दिसली. कोकमाच्या सरबतात पाणी जास्त झालं की होतो तसा फिका, लालसर जांभळा रंग. सुंदर होता. पोरी अरे वा करत होत्या. सर एकदम तरुण झाल्यासारखे उत्साहात आले आणि म्हणाले, "हे पोटॅशियम. या मिठात सोडियमबरोबर पोटॅशियम क्लोराइडही दिसतंय. कुणी आणलं हे? फार छान उदाहरण."

मी हात वर केला. माझ्यासाठी वर्गाने टाळ्या वाजवल्या. काच माझ्याच हातात होती आणि मला ती खाली ठेवायचं सुचत नव्हतं. तबस्सुमला सगळ्यांत आधी कळलं, कारण दवाखान्याचं सगळं मी तिलाच सांगायचे. तिने काच माझ्या हातातून काढून घेतली, सरांना सांगितलं की हिला बरं वाटत नाहीये, आणि माझी बॅग स्वतःच भरली. रिक्षात ती माझा हात धरून बसली होती. नेहमी बडबडणारी मुलगी, ओठांतल्या ओठांत काहीतरी पढत होती.

घरी मी आधी आईला सांगितलं. तिला पोटॅशियम शब्द बोलता येत नव्हता, पण ऐकून माहीत होता. तिने चुलीवरची बाबांची आमटी उतरवली आणि मोरीत ओतून दिली. मग मी ओट्यावर बाबांकडे गेले. म्हटलं, बाबा, आत्याचं ते मीठ बंद करायचं, त्यात केळ्यातलं विष आहे. विष हा शब्द मी का वापरला कोण जाणे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. काचेबद्दल विचारलं, ज्योत कशी दिसली ते विचारलं. मग म्हणाले, "सुमनला नको सांगू. तिनं जीव लावून आणलंय."

एवढंच. स्वतःच्या जिवाबद्दल एक अक्षर नाही.

आम्ही डॉक्टरांना सांगितलं. तेही चमकले, रागावले, मग त्या आठवड्यात डायलिसिस वाढवलं आणि पोटॅशियम खाली आलं. पुढचा रिपोर्ट चांगला होता. त्याच्या पुढचा आणखी चांगला. आता गोष्ट इथे संपली तर ती किती बरी. मुलगी शिकली, प्रगती झाली. मी वर्गात सांगते तेव्हा इथपर्यंतच सांगते. पोरांना आवडते. कुणीतरी विचारतंच, मग बरे झाले का तुमचे बाबा? मी म्हणते, चला, नळ्या धुवा.

कारण रिपोर्ट सुधारत गेला आणि माणूस खंगत गेला. अळणी ताट पुन्हा समोर आलं. संक्रांतीआधी ते दोन घास तरी गिळत होते. मध्ये चव लागून गेल्यावर आता तेवढंही जाईना. चवीचा माणसाला काय आधार असतो हे तोंडात चव असलेल्यांना कळत नाही. मी रोज प्रॅक्टिकलचा सराव करून यायचे, हाताला सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग, आणि बघायचे तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. परीक्षेत मला आलेला क्षार मी तासाभरात ओळखला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, एवढी खात्री कशी? मी म्हटलं, सर, चाचणी केली. मार्क पुरे मिळाले.

होळीनंतरच्या आठवड्यात बाबा गेले. दुपारी, झोपेतच. त्या वेळी आत्याचं ते मीठ बंद होऊन बरेच दिवस झाले होते. मी डॉक्टरांना विचारलं, आधीच्या त्या पोटॅशियममुळे का? ते म्हणाले, सांगता येत नाही. अशक्तपणामुळे, खाणं तुटल्यामुळे का? तेही सांगता येत नाही. होतं असं या पेशंटमध्ये. मी पुढे बीएस्सी केलं, एमएस्सी केलं, नोकरीला लागले, हजारो पुड्या ओळखल्या असतील. या एका प्रश्नाची चाचणी मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. मिळणारही नाही, हे आता मला माहीत आहे, आणि माहीत असल्याने काही हलकं होत नाही.

सुमनआत्या अजून आहे. सुकापूरला आता तिच्या बिल्डिंगच्या चारी बाजूंनी बिल्डिंगी आहेत, गॅलरीतल्या गुलाबाला ऊन मिळत नाही. मी गेले की ती पानावर बसवते आणि आल्यागेल्याला सांगते, माझ्या दादाला कायपण जात नव्हतं, शेवटी माझ्याच मिठानं चार घास गेले. हे खरं आहे. अगदी शब्दाला शब्द खरं आहे. मी मान डोलावते, वाढलेलं जेवते, चांगलं झालंय म्हणते. आईनेही मरेपर्यंत तिला सांगितलं नाही.

पण मला दर फेब्रुवारीत जे छळतं ते आत्याचं बोलणं नव्हे, आणि ती जांभळी ज्योतही नव्हे. होळीचा दुसरा दिवस छळतो. गावात सगळीकडे खाणंपिणं चाललं होतं. शेजारच्यांकडे करंजाच्या बंदरावरून आणलेले सुके बोंबील भाजत होते, वास थेट आमच्या ओटीवर येत होता. बाबा बऱ्याच दिवसांनी स्वतःहून उठून बसले. आईने अळणी भात आणि अळणी वरण आणून ठेवलं. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आईकडे नाही. "पोरी, चिमूटभर. आजच्या दिवस."

आई आत गेली आणि आत्याची ती बरणी घेऊन बाहेर आली, आता तिच्यात आमचंच कुटलेलं मीठ होतं. ती घालायला तयार होती. फडकं सोडून, चिमूट धरून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. आज कुठली भाजी करायची हे ज्या घरात मला कुणी कधी विचारलं नव्हतं, ते घर मला हे विचारत होतं. सिस्टरचं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं. मी अभ्यास केलेली मुलगी होते. मी म्हटलं, "नको, बाबा."

त्यांनी हट्ट केला नाही. रागावलेही नाहीत. म्हणाले, "तुला समजतं ते. तू सांगशील तसं." आणि वरण कालवून ते जेवायला लागले. हळूहळू, एकेक घास धरून, गिळून, पुन्हा पुढचा घास. बोंबलांचा वास येत होता. मी समोरून उठले नाही. ते सगळं ताट जेवले, शीतसुद्धा ठेवलं नाही, आणि मग मला दिसावं म्हणून ताट थोडं माझ्याकडे कलतं केलं.